कुंभ्याच्या पठारावरचे रांजण

छायाबाई काळोखे वीज कंपनीत वायरमन म्हणून लागल्या, तेव्हा खांबावर चढणारी बाई बघायला भोर तालुक्यात माणसं गोळा व्हायची. तेहेतीस वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यात कुणाला नवल उरलं नव्हतं. आडनावावरून होणारी चेष्टा तेवढी शिल्लक होती. "काळोखेबाई आल्या, आता उजेड पडणार," असं म्हणून लोक हसायचे आणि बाईही हसायच्या. असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ओलाचिंब, वैतागलेला आणि त्यांच्यासाठी चहाचा कप हातात धरून उभा असायचा.

वादळ आलं की लोक दारं लावून घेतात. छायाबाई दार उघडून बाहेर पडायच्या. मुलीचा, शर्वरीचा, दहावीचा निकाल त्यांनी खांबावर पट्ट्याला लटकून फोनवर ऐकला होता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं जेवण ताटात ठेवून त्या ट्रान्सफॉर्मर बघायला गेल्या होत्या. निवृत्तीचा हार गळ्यातून काढता काढता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आता मला असं घर पाहिजे, जिथं तारच येत नाही. आपण कुणाची वाट बघायची नाही आणि कुणी आपली बघायची नाही."

अंकुशराव वनखात्याच्या रोपवाटिकेत जन्मभर रोपं वाढवलेला माणूस. तारांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "चल की. कुंभ्याच्या पठारावर जाऊ. तिथं तार काय, वाट पण धड येत नाही."

असं ते दोघं २०४५ साली पठारावर राहायला आले.

दहा वर्षांपूर्वी हे शक्य झालं नसतं. सह्याद्रीच्या माथ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकं बसतं ते उठायचं नाव घेत नाही. सूर्यच दिसत नाही, तर छपरावरच्या सौर तावदानांनी करायचं काय? हा प्रश्न सोडवला तो चिखलातल्या जिवाणूंनी. ओढ्याकाठच्या काळ्या चिखलात, जिथं हवा पोचत नाही, तिथं काही जिवाणू राहतात. आपण अन्न खातो आणि त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन श्वासातल्या ऑक्सिजनच्या हवाली करतो. या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून ते आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या लोखंडी खड्याला देऊन मोकळे होतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर केसाच्या वीस हजाराव्या हिश्श्याइतके बारीक धागे असतात आणि त्या धाग्यांतून चक्क वीज वाहते. शास्त्रज्ञांना हे बरीच वर्षं ठाऊक होतं, पण त्यातून एक दिवा लावायचा तरी हौदभर चिखल लागायचा. मग कुणीतरी नारळाच्या करवंटीच्या कोळशापासून गोधडीसारखी मऊ चटई तयार केली आणि हे जिवाणू त्या चटईवर दाट साय धरावी तसे वाढायला लागले. अशा बारा चटया हजार लिटरच्या टाकीत उभ्या लावायच्या, वरून कापलेलं गवत, खरकटं, संडासाचं पाणी सोडायचं, आणि खालून तारेनं वीज काढून घ्यायची. रात्रंदिवस पाचशे वॅट. उन्हाळा, पावसाळा, धुकं, काही असो.

सरकारी कागदांवर त्याचं नाव 'जैवविद्युत कुंभ' होतं. लोक त्याला रांजण म्हणायचे.

रांजणाला एकच खोड होती. त्याला रोज खायला लागायचं. दोन भारे हिरवं गवत, बोटभर लांबीचं कापून. एक दिवस चुकला तर रांजणावरचा वॅटचा आकडा शंभरानं उतरायचा, तीन दिवस चुकले तर चटया उपाशी मरायला लागायच्या. त्यामुळे छायाबाई पहाटे विळा घेऊन निघायच्या, अंकुशराव कडबाकुट्टीवर गवत कापायचे, मग झऱ्याचं पाणी वर चढवायचं, भाजीच्या वाफ्यांतल्या गोगलगायी वेचायच्या, छपराच्या खिळ्यांना गंज चढला का बघायचं, तांदळाला बुरशी धरू नये म्हणून डबे चुलीशेजारी हलवायचे. स्वयंपूर्ण राहणं म्हणजे निवांत राहणं नव्हे, हे पहिल्या महिन्यातच दोघांना कळलं. पण छायाबाई खूश होत्या. शर्वरी पुण्याहून फोन करायची, "आई, दिवाळीला तरी या," तेव्हा त्या म्हणायच्या, "रांजणाला कोण घालणार गं? तूच ये."

दोन वर्षांत त्या एकदाही खाली मुक्कामाला गेल्या नव्हत्या.

पठारावर दुसरं घर होतं धोंडू ढेबे आणि सगुणाबाईचं. सात म्हशी, एक रेडा आणि तसाच एक रांजण. ढेब्यांच्या चार पिढ्या याच पठारावर म्हशी राखत आलेल्या. मुलगा आणि सून सुरतेला. सुरुवातीला सगुणाबाई वरचेवर यायची. कधी चाळणी मागायला, कधी पाना, कधी फोनवरचं काहीतरी वाचून घ्यायला. छायाबाई लगेच द्यायच्या, वर हातावर लाडू ठेवायच्या. सगुणाबाईनं कधी ताकाचा तांब्या आणला, की छायाबाई म्हणायच्या, "अहो कशाला? आमच्याकडं दुधाची पावडर आहे. काही लागत नाही आम्हाला." त्या मनापासून म्हणायच्या. तेहेतीस वर्षं लोकांनी त्यांच्याकडं काही ना काही मागितलं होतं, त्यामुळे कुणाकडं न मागणं हा त्यांना मोठा शिष्टाचार वाटायचा.

हळूहळू सगुणाबाईचं येणं कमी झालं, मग थांबलं. भांडण नव्हतं. सहाशे पावलांवर घर होतं, धुकं नसलं की धूर दिसायचा. पण जायला निमित्तच उरलं नव्हतं.

सत्तेचाळीस सालच्या श्रावणात अंकुशरावांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी त्यांचा श्वास लागायला लागला तेव्हा छायाबाईंनी त्यांना गाडीत घालून भोरला नेलं. छातीत न्यूमोनिया झाला होता. पाच दिवस दवाखान्यात काढले. त्या पाच दिवसांत छायाबाई रोज दुपारी घाट चढून वर यायच्या, रांजणाला गवत घालायच्या आणि पुन्हा खाली जायच्या. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका टळलाय. आठवडाभर घरी ऑक्सिजनचं मशीन लावा. या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिवसातून दोनदा, एकही चुकवायची नाही. मशीनला वीज आहे ना अखंड?"

"त्याची काळजी करू नका," छायाबाई म्हणाल्या. वीज अखंड आहे का, हे कुणी त्यांना विचारावं, याचं त्यांना जरा हसूच आलं.

मशीन तीनशे वॅट खायचं. फ्रिज बंद, पंप बंद, एक दिवा चालू, असं त्यांनी गणित बसवलं. अंकुशराव नाकात नळी घालून पडून राहायचे. त्यांना उठवत नव्हतं, म्हणून छायाबाई भांडं द्यायच्या, नेऊन रिकामं करायच्या, धुऊन आणायच्या. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी रांजणावरचा आकडा चारशे ऐंशीवरून तीनशे दहावर आलेला दिसला.

छायाबाईंनी आधी जोड तपासले. वायरमनचा हात आधी जोडाकडंच जातो. जोड घट्ट होते. तारा खरवडून पुन्हा आवळल्या. दुप्पट गवत घातलं. अर्ध्या तासानं आकडा दोनशे साठ. मशीन आता साठवणीच्या बॅटरीतून ओढायला लागलं होतं.

त्यांनी रांजणाचं झाकण उघडलं आणि तिथंच थबकल्या. निरोगी रांजणाला ओल्या मातीचा, जरासा आंबूस वास असतो. आज झाकणाखालून कुजका वास आला. चटईवरची करड्या रंगाची साय सुटून पाण्यावर तरंगत होती.

हातातलं झाकण तसंच धरून त्या उभ्या राहिल्या. मग त्यांना भांडं आठवलं. दोन दिवस दिवसातून सहासहा वेळा आपल्याच हातानं त्यांनी ते भांडं रांजणाच्या तोंडात रिकामं केलं होतं. जिवाणू मारायची गोळी. ती माणसाच्या पोटात सगळी कुठं जिरते? निम्मी लघवीतून जशीच्या तशी बाहेर पडते. पुस्तिकेत लिहिलेलं होतं, त्यांनी वाचलेलंही होतं: घरात असं औषध चालू असेल तर संडास वेगळ्या खड्ड्यात सोडा. तापाच्या धावपळीत ते डोक्यातून साफ निघून गेलं. नवऱ्याच्या छातीतले जंतू ज्या गोळ्या मारत होत्या, त्याच गोळ्या त्याला श्वास पुरवणाऱ्या रांजणालाही मारत होत्या.

बॅटरीत साधारण चार तासांची वीज होती. त्यांनी भोरला फोन लावला. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मावशी, घाटात काल संध्याकाळी दरड आलीय. जेसीबी लावलाय, पण उद्या सकाळपर्यंत रस्ता उघडणार नाही. काकांचं मशीन बंद करू नका हं. परवा तुम्ही कळवलं तेव्हा त्याच्याशिवाय पंच्याऐंशीवर जात होतं ना ऑक्सिजन?"

खोलीतून अंकुशरावांनी बारीक आवाजात विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. जोड सैल झालाय."

"जोडाला तू एवढा वेळ लावत नाहीस."

छायाबाई त्यांच्या उशाशी येऊन बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. "तुमचा श्वास मी माझ्याच हातानं ओतून दिला हो."

अंकुशरावांनी त्यांचा हात धरला. बोलताना त्यांना मधेमधे थांबावं लागत होतं. "ढेब्यांचा रांजण चालू असेल ना?"

तार ओढायचा विचार छायाबाईंच्या मनात आधीच येऊन गेला होता. सहाशे पावलं म्हणजे साडेचारशे मीटर. घरात सत्तर मीटर केबल होती, आणि मधल्या पायवाटेवरून गाडी जात नव्हती. त्यांनी बॅटरीकडं पाहिलं, भिंतीवरची घोंगडी काढून खांद्यावर टाकली आणि बाहेर पडल्या. दोन हातांवरचं दिसत नव्हतं. म्हशींच्या वासाच्या अंदाजानं त्या चालत राहिल्या.

सगुणाबाई दारातच शेण भरत होती. धुक्यातून आलेल्या छायाबाईंना पाहून ती उभी राहिली. दोन वर्षांत छायाबाईंनी या दारात पहिल्यांदा पाय ठेवला होता, आणि त्याची जाणीव त्यांना उंबऱ्याशी आल्यावर झाली.

"सगुणाबाई," त्या म्हणाल्या, "मला मागायला आलंय." वाक्य नीट जुळलं नाही.

सगुणाबाईनं हातातली पाटी खाली ठेवली. "काय झालं, वायरमनबाई? दादा बरं हाईत न्हवं?"

छायाबाईंनी चार वाक्यांत सांगितलं. सगुणाबाईनं आत वळून हाक मारली, "आवो, मेढीचा वासा काढा. झोळी बांधायची हाय!"

धोंडू ढेबे बाहेर आला. साठीतला, काटक, उंच. त्यानं काही विचारलं नाही. वासा खांद्यावर घेतला, घोंगडीची चार टोकं कशी बांधायची ते मनाशी ठरवत निघाला. वाटेत दोनदा त्याचा पाय दगडाला लागला तेव्हा छायाबाईंना वाटलं, धुक्यामुळं असेल.

अंकुशरावांना झोळीत निजवलं. पुढं धोंडू, मागं छायाबाई. सगुणाबाईनं मशीन पाठीवर बांधलं आणि बॅटरी डोक्यावर घेतली. मशीनची नळी जेमतेम दोन मीटर होती, त्यामुळे तिला झोळीच्या अगदी अंगाला लागून चालावं लागत होतं.

"सगुणाबाई, बॅटरी वीस किलोची आहे हो," छायाबाई मागून म्हणाल्या.

"रेडकू उचलते मी रोज. तुम्ही दादाला हिसका देऊ नका."

मध्यावर वासा खांद्यात रुतायला लागला. खांबावर चढायची सवय सुटून दोन वर्षं झाली होती. झोळीतून नळीमागून आवाज आला, "छाया, वरातीत सुद्धा मला एवढं मिरवलं नव्हतं."

"बोलू नका!" तिघंही एकदम ओरडले.

ढेब्यांच्या घरात पोचल्यावर छायाबाईंनी मशीनची पिन खोचली आणि रांजणावरचा आकडा वाचला. आठशे चाळीस. त्यांना वाटलं आपण चुकीचं वाचलं. रोज सात म्हशींचं शेण आणि लोणी काढून उरलेलं ताक खाऊन हा रांजण त्यांच्या रांजणापेक्षा दुप्पट जोमानं चालत होता. पुस्तिकेत ताकाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

धोंडूनं आवाराच्या कडेला वेगळा खड्डा खणला. खणता खणता म्हणाला, "आमच्या रांजनाला गोळी नगं. त्याला बी घरात चार मानसं सांभाळायचीत आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला. नर्स वर आली, अंकुशरावांची छाती ऐकली आणि म्हणाली, "इथंच राहू देत. हलवलं नाही तर बरं." असे ते दोघं ढेब्यांकडं राहिले, आणि एका आठवड्याऐवजी एकोणीस दिवस राहिले.

छायाबाईंना दुसऱ्याच्या घरात राहता येत नाही, हे पहिल्या दिवशीच दिसलं. त्या कुणी उठायच्या आत झाडू घ्यायच्या. भांडी घासायला धावायच्या. सगुणाबाईनं भाकरी वाढली की अर्धी परत ठेवायच्या. चौथ्या दिवशी सगुणाबाईनं त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि सरळ विचारलं, "आमच्या घरचं तुम्हास्नी गोड लागत न्हाई का?"

"असं नाही हो. तुमच्यावर भार होतोय."

"मग मी तुमच्याकडं चाळन मागाया येत हुते, तवा तुमच्यावर भार हुत हुता?"

"छे! मला तर बरं वाटायचं."

"आन मी ताक आनलं की तुम्ही परत लावायच्या. मंग मी किती येळा नुसता हात पसरून येनार? मला बी वाटतं की कुनाला तरी द्यावं." सगुणाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. "म्हनून यायाचं थांबवलं."

ताटात परत ठेवलेली अर्धी भाकरी छायाबाईंनी उचलली आणि खाल्ली.

त्या दिवसांत त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. धोंडू दाव्याची गाठ चाचपडून मारायचा. चहाचा कप पुढं केला की त्याचा हात आधी कपाच्या बाजूला जायचा. एकदा दारात उजेडाला तोंड करून तो बसला असताना छायाबाईंनी जवळून पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधासारखा पडदा होता.

"दादा, हा मोतीबिंदू आहे. कधीपासून?"

"दोन सालं झाली की. डावा तर गेल्यातच जमा."

"पंधरा मिनिटांची शस्त्रक्रिया आहे हो! का नाही केली?"

धोंडूऐवजी सगुणाबाईनं उत्तर दिलं. "डोळं दोन. एक झाला की मधी धा-बारा दिवस सोडून दुसरा. आन धूर, शेन, धूळ लागू द्यायची न्हाई म्हनून सातारला भाच्याकडं ऱ्हायचं. मला संगं जावं लागनार. मंग म्हशी कुनी पिळायच्या? रांजनाला कुनी घालायचं? तुमी ज्याच्यापायी पोरीकडं जात न्हाई, त्याच्यापायीच आमी अडकलो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कदी आमास्नी काय सांगितलं?"

असं म्हणून सगुणाबाई म्हशीला पाणी दाखवायला गेली. झोळीचं पुढचं टोक ज्या माणसाच्या खांद्यावर होतं, त्याला समोरची वाट दिसत नव्हती, हे छायाबाईंना आता कळत होतं.

रांजण जिवंत करायचं काम त्यांनी दुसऱ्या आठवड्यात हाती घेतलं. कंपनीला फोन केला तर धुक्याच्या दिवसांत ड्रोन पठारावर येत नाही, नवे जिवाणू सप्टेंबरअखेर मिळतील, असं कळलं. सगुणाबाई म्हणाली, "विरजन तर घरात हाय. बादली घ्या." छायाबाईंनी आपला रांजण पूर्ण उपसला, झऱ्याच्या पाण्यानं तीनदा धुतला, त्यात ढेब्यांच्या रांजणातलं दोन बादल्या पाणी ओतलं आणि गवत घातलं. तीन दिवसांत तेही कुजलं.

छायाबाई रांजणाशेजारी बसून विचार करत राहिल्या. टाकी स्वच्छ होती. पाणी नवं होतं. मग औषध लपलंय कुठं? उत्तर त्यांना पिण्याच्या पाण्याच्या गाळणीकडं बघताना मिळालं. गाळणीत कोळसा कशासाठी असतो? पाण्यातली नको ती द्रव्यं धरून ठेवण्यासाठी. ज्या कोळशाच्या चटईवर जिवाणूंनी घर करायचं, तिनंच औषध पोटात धरून ठेवलं होतं आणि थोडं थोडं सोडत होती.

औषध जाळायचं म्हणजे चटई तापवायला हवी, पण हवा लागली तर कोळसा पेट घेणार. धोंडूनं गोठ्यामागून एक जुनं लोखंडी पिंप काढून दिलं. त्यात चटया भरून झाकण मातीनं लिंपलं आणि भोवती दिवसभर जाळ केला. सगुणाबाई लाकडं पुरवत होती. अंकुशराव नळीशिवाय पहिल्यांदा अंगणात येऊन बसले होते आणि लांबून सूचना देत होते. त्या कुणीच ऐकत नव्हतं.

या वेळी विरजण धरलं. पण आकडा चाळीसच्या वर सरकेना. शेणाताकावर वाढलेले ते जिवाणू गवताला तोंडच लावत नव्हते. शेवटी सगुणाबाईनं तांब्याभर ताक ओतलं आणि सकाळी आकडा एकशे वीस झाला. पुढं रोज ताक आणि शेणकाला, आणि हळूहळू गवत वाढवत नेलं तसा आकडा दोनशेवर, मग साडेतीनशेवर गेला. पण ताक मात्र बंद करून चालेना. एक दिवस टाळून पाहिलं, आकडा लगेच घसरला.

"आता तुमाला रोज याया लागनार माज्याकडं," सगुणाबाई म्हणाली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"दोन वेळा येईन," छायाबाई म्हणाल्या.

शर्वरी आली ती भाद्रपदातल्या एका निवळलेल्या सकाळी, गाडीत दोन माणसांचं सामान मावेल अशी जागा करून. वडिलांना बघून तिचे डोळे भरून आले. त्यांचं वजन सहा किलोनं उतरलं होतं. मग ती आईकडं वळली. तिचं सगळं बोलणं तयार होतं.

"आई, पुरे झालं. बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर? तुला तार नको होती ना? ठीक आहे. पण माझ्या घरी भिंतीत पिन खोचली की वीज येते आणि ती कुठून येते याचा मला विचार करावा लागत नाही. आजच्या आज खाली चला."

"तुझं खरं आहे," छायाबाई म्हणाल्या. "चूक माझीच होती. आणि मी येणार आहे तुझ्याकडं. दिवाळीला आठ दिवस येणार, सगुणाबाई रांजण बघणार आहेत."

"दिवाळीला नाही. आज."

"आज नाही जमणार गं."

"का?"

"आजपासून माझ्याकडं सात म्हशी आहेत."

छायाबाईंनी तिचा हात धरला आणि ढेब्यांच्या घराकडं चालायला लागल्या. दारात धोंडू धुतलेला सदरा घालून बसला होता. शेजारी कापडी पिशवी, पिशवीवर टोपी. सगुणाबाई आतून बाहेर, बाहेरून आत करत होती. साताऱ्याच्या नेत्र रुग्णालयात दुसऱ्या दिवशीची तारीख छायाबाईंनीच घेतली होती. एसटीनं जायचं ठरलं होतं.

"दादांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही," छायाबाई लेकीला हळू आवाजात म्हणाल्या. "याच दादांनी तुझ्या बाबांना धुक्यातून खांद्यावर आणलंय. तुझी गाडी रिकामी जाणार आहे, तर वाट वाकडी करून यांना साताऱ्याला सोडशील?"

शर्वरीचा आईवरचा राग अजून गेला नव्हता. पण तिनं धोंडूकडं पाहिलं. आवाज कुठून येतोय त्या अंदाजानं तो मान वळवत होता. तिनं पुढं होऊन त्याची पिशवी उचलली. "चला काका. पुढं बसा, घाट लागत असेल तर."

"मला कसला घाट लागतोय पोरी," धोंडू म्हणाला. "दिसलाच न्हाई तर लागंल कसा?"

आणि शर्वरीला हसू आलं.

सगुणाबाईचा मात्र पाय निघत नव्हता. तिनं छायाबाईंना गोठ्यात नेऊन सगळ्या म्हशी पुन्हा एकदा दाखवल्या. कुणाला पेंड आधी, कुणाला नंतर, कोणती शिंग मारते, कोणती नुसती भीती घालते. काजळी नावाच्या म्हशीपाशी आल्यावर तिनं तिच्या कपाळावर हात ठेवला. "ही तेवढी खोडीची. परक्याला पान्हा सोडत न्हाई." मग आत जाऊन तिनं आपलं कालचं नेसलेलं, न धुतलेलं लुगडं आणून छायाबाईंच्या हातात दिलं. "हे नेसून बसा. वास वळखंल तिला. आन बोलत ऱ्हावा तिच्याशी. गप ऱ्हायलं की बुजती."

"काय बोलू?"

"काय बी. तिला कुटं कळतंय?"

गाडी पठाराच्या कडेला जाऊन दिसेनाशी होईपर्यंत सगुणाबाई मागच्या काचेतून हात हलवत होती. तिच्या ओठांच्या हालचालीवरून ती अजूनही कुठल्यातरी म्हशीबद्दलच सांगत होती.

संध्याकाळी छायाबाई लुगडं नेसल्या. बाकीच्या सहा म्हशींनी फार कुरकुर केली नाही. कडंच्या मोरी नावाच्या म्हशीनं तेवढी एकदा शेपटी तोंडावर मारली. काजळीपाशी मात्र त्या बादली घेऊन बसल्या आणि तिनं पाय आपटला. पुन्हा बसल्या, पुन्हा आपटला. बादली कलंडली. अंकुशराव गोठ्याच्या खांबाला टेकून स्टुलावर बसले होते.

"बोल ना तिच्याशी," ते म्हणाले.

छायाबाईंना काही सुचेना. मग त्यांनी काजळीच्या कुशीला डोकं टेकलं आणि, दुसरं काहीच तोंडात येत नव्हतं म्हणून, धोंडूदादा आता कुठं पोचला असेल ते तिला सांगायला सुरुवात केली. घाट उतरला असेल. शर्वरीनं भुईंजला चहा पाजला असेल. उद्या सकाळी नऊला एक डोळा, मग बारा दिवसांनी दुसरा. तू काळी आहेस हे त्याला ठाऊक आहे, पण तुझ्या कपाळावर पांढरा ठिपका आलाय तो त्यानं अजून पाहिला नाही. आल्यावर बघेल.

काजळीनं मान वळवून लुगड्याचा वास घेतला. एकदा, मग पुन्हा. तिनं एक लांब श्वास सोडला. कास ताठ झाली, आणि पहिली धार बादलीच्या तळावर खण्णकन वाजली.

"अहो, सोडला!" छायाबाई ओरडल्या.

"थांबू नको," अंकुशराव म्हणाले, "बोलत राहा."